कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी खेड्यात राहून काय काय करता येतं: कानाच्या तपासणीपासून गावच्या वहीपर्यंत

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात रेशनकार्डाच्या केवायसीची दवंडी झाली. कोतवालानं चारही चौकांत थांबून सांगितलं, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तीन दिवस पुकारा झाला. शेवटची तारीख उलटल्यावर माय मला म्हणाली, "मले तं कोनंच सांगतलं नाही." आमचं घर चौकाला लागून आहे. कोतवाल आमच्याच ओट्यापाशी उभा राहून ओरडला होता.

खेड्यातली सगळी खबर तोंडानं फिरते. पाण्याची पाळी, लसीकरणाचा वार, कापसाचा भाव, कोण वारलं, कोणाकडं साखरपुडा आहे, सगळं ओट्यावर आणि पारावर कळतं. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस गावात राहूनही गावाबाहेर पडतो. तो कुठं तक्रारही करत नाही, फक्त पारावर यायचं बंद करतो.

मायच्या कानाच्या निमित्तानं मी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि नागपूरच्या 'मेडिकल'च्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, फेऱ्या सुरू केल्या. पुढं गावातल्या आणखी लोकांना सोबत नेत गेलो. आमचा सर्वांत जास्त वेळ आणि पैसा वाया गेला तो कामं उलट्या क्रमानं केल्यामुळं. आधी ऐकण्याचं मशीन घेतलं, मग दिव्यांग कार्डाची आठवण झाली आणि कानात डोकावून बघायचं तर राहूनच गेलं. क्रम असा हवा: कान, रिपोर्ट, कार्ड, मशीन, आणि मग मशीनची सवय. खाली त्याच क्रमानं लिहितो.

१. आधी कानात बघून घ्या

ही पायरी वगळून लोक सरळ मशीनच्या मागं लागतात. ऐकू कमी येण्याचं कारण पुष्कळदा साधं असतं: घट्ट बसलेला मळ, वाहणारा कान, पडद्याला पडलेलं भोक. आमच्या शेजारच्या बुढ्याला घरच्यांनी दोन वर्षं बहिरा ठरवून टाकलं होतं. डॉक्टरनं आठवडाभर मळ मऊ करायचे थेंब दिले, मग मळ काढला. संध्याकाळी बुढा सुनेला विचारत होता, की पंखा एवढा आवाज कधीपासून करतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना कान दाखवा. त्यांनी चिठ्ठी दिली की उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे. आपल्याला एसटी कुठली सोयीची पडते ते बघून ठरवा, कारण फेरी एक होत नाही, चार होतात.

कानात कोमट तेल, पानांचा रस, माचिसची काडी, सायकलची तार यांतलं काही घालू नका. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं आणि कान आणखी सडतो. कान वाहत असेल तर तो कोरडा ठेवणं हा अर्धा उपचार आहे. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवायचा आणि नदी-विहिरीत डुंबणं बंद करायचं. पडद्याच्या आणि हाडाच्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सोय आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि दवाखान्यात शिरल्याबरोबर आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या माणसाला, भेटा.

एक गोष्ट मात्र तातडीची. रात्री धड असलेला कान सकाळी एकाएकी बंद झाला, सोबत भोंगा वाजल्यासारखा आवाज किंवा चक्कर असेल, तर 'पोळा झाला की जाऊ' म्हणू नका. अशा कानाला औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर ऐकू परत यायची आशा जास्त असते. महिना गेला की डॉक्टरच्या हातातही फारसं उरत नाही.

घरात टीबीची किंवा जंतुसंसर्गाची इंजेक्शनं चालू असतील आणि कानात घूं घूं व्हायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन या जातीची औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही, पण सांगायचं मात्र लगेच.

२. लेकरू असेल तर वेगळी घाई

"त्याचा बापबी उशिरानंच बोलला होता." या एका वाक्यानं आपल्याकडं किती लेकरांची वर्षं खाल्ली असतील, कोण जाणे. डॉक्टर लोकांचा हिशेब एक-तीन-सहा असा आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार किंवा यंत्र. खेड्यात हे जमणं कठीण, हे मला माहीत आहे. पण दोन वर्षांचं लेकरू 'आई' म्हणत नाही आणि आजी नवसाची तारीख शोधते आहे, एवढा उशीर तरी नको.

थाळी वाजवून परीक्षा घेऊ नका. थाळीचा आवाज मोठा असतो, अर्धवट ऐकू येणारं लेकरूही त्याला वळतं. शिवाय हात हललेला दिसतो, जमिनीची थरथर लागते. त्याऐवजी लेकराच्या पाठीमागून, त्याला दिसणार नाही असं, हळू आवाजात नावानं हाक मारून बघा. सहा महिन्यांचं लेकरू आवाजाकडं मान वळवत नसेल, वर्षाचं झालं तरी एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर आशाताईला सांगा. जन्मतः वजन फार कमी होतं, जन्मल्यावर लगेच रडलं नाही, काचेत ठेवलं होतं, जास्त कावीळ झाली होती, नंतर मेंदूज्वर झाला, किंवा आईवडील जवळच्या नात्यातले आहेत, अशा लेकरांची चाचणी सगळं ठीक दिसत असलं तरी करून घ्यावी.

रस्ता अंगणवाडीतून जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, गाडीत डॉक्टर असतात. पथक कधी येणार ते सेविकेला विचारून त्या दिवशी लेकराला शेतात नेऊ नका. त्यांच्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्रात पुढची तपासणी होते. तान्ह्या लेकरासाठी ओएई आणि बेरा अशा दोन चाचण्या असतात. दोन्हींत दुखत नाही. बेरा करताना लेकरू झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, एसटीत झोपू देऊ नका आणि दूध तिथं गेल्यावर पाजा. माझ्या माहितीतल्या एका जोडप्याला लेकरू झोपलं नाही एवढ्या कारणावरून तीनदा परत यावं लागलं. मजुरी गेली ती वेगळी.

आतला कान पूर्ण निकामी असेल पण नस शाबूत असेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेनं आत बसवायच्या यंत्राचा, विषय निघतो. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून निवडक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते. त्याची सूत्रं मुंबईच्या वांद्र्यातील अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्थेकडं आहेत. जन्मतः बहिऱ्या लेकरासाठी पाच वर्षांची वयाची अट असते, म्हणूनच वरची घाई. आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, पण नंतरची बोलण्याची शिकवणी दोन-तीन वर्षांची. दर आठवड्याला शहरात जायला घरातलं कोण मोकळं आहे, हे ठरल्याशिवाय हो म्हणू नये, असं माझं मत आहे.

३. ऑडिओमेट्री: एवढ्या एका कागदावर पुढचं सगळं

मोठ्या माणसाच्या कानाची चाचणी म्हणजे ऑडिओमेट्री. बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, बारीक शिट्टीसारखे आवाज देतात आणि ऐकू आला की बोट वर करायचं किंवा बटण दाबायचं. आपली म्हातारी माणसं इथं दोन चुका करतात. एक, डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून न ऐकताच मान डोलावतात. दुसरी, आवाज मोठा झाल्यावरच बोट वर करतात. घरूनच समजावून न्या: आवाज मुंगीएवढा आला तरी बोट वर, नाही आला तर गप्प बसायचं. आदल्या दिवशी थ्रेशरवर किंवा वरातीच्या डीजेपाशी राहिलेलं नसावं. मळ आधी काढलेला असावा, नाहीतर चाचणी मळाचीच होते.

हातात येतो तो आलेख. त्यावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकू कमी. वयामुळं जाणाऱ्या कानाचा आलेख बहुधा उजवीकडं घसरत जातो, म्हणजे जाड आवाज येतात आणि बारीक जातात. स, श, ख, त ही अक्षरं बारीक आवाजाची. म्हणून 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं, 'भात' म्हटलं की 'बाप'. "ऐकू येते, पन समजत नाही" ही म्हाताऱ्यांची तक्रार अगदी खरी असते. त्यावर मोठ्यानं ओरडून उपयोग नाही. ओरडल्यानं जाड आवाज आणखी जाड होतो, 'स' तिथंच राहतो.

या कागदाच्या चार झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. मूळ प्रत कोणालाही देऊ नका.

४. टक्केवारी आणि कार्ड

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलची (डेसिबल हे आवाजाचं माप) घट म्हणजे बधिर, ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारा. बहुतेक योजनांना मात्र ४० टक्के लागतात आणि इथं गावोगाव गैरसमज आहे. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन असतं: चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले पाच, त्यात वाईट कानाची मिळवा, भागिले सहा. आता एका कानानं ठार बहिरा आणि दुसरा कान धड, असा माणूस घ्या. शून्य अधिक शंभर, भागिले सहा. उत्तर येतं साडेसोळाच्या आसपास. त्याला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळू शकत नाही, कितीही ओळख लावा. एका दलालानं अशाच माणसाकडून आमच्या भागात पैसे घेतले होते. हा हिशेब ठाऊक असता तर त्याचे पैसे वाचले असते.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, त्यातून युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. सेतू केंद्रावर भरून घेता येतो, पण नाव आधारवर आहे तसंच, काना-मात्रा बघून टाकायला सांगा. नंतरची दुरुस्ती फार रखडते. मोबाइल नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या, ज्याचा नंबर वर्षभर तरी बदलणार नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याचाच नंबर फॉर्मवर आणि दवाखान्याचा फोन त्याच्याच खिशात वाजतोय, हा प्रकार मी तीनदा पाहिला.

मग नेमून दिलेल्या रुग्णालयात बोर्डापुढं, म्हणजे टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढं, जायचं. बोर्डाचे वार ठरलेले असतात आणि ते बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे कानाची चाचणी घेणारे त्या दिवशी आहेत का, हा वेगळा प्रश्न विचारायला विसरू नका. बोर्ड बसलाय पण कान तपासणारं कोणी नाही, असंही होतं. कार्डाचे रंग तीन: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. लहान लेकरांना आधी तात्पुरतं मिळतं, त्यावरची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

५. मशीन: फुकट, अर्ध्या किमतीत की विकत

मीही फसलोय. तालुक्याच्या एका लॉजवर 'शिबिर' होतं, कापसाचे पैसे हातात होते. दहा मिनिटांत त्यांनी मायच्या कानात मशीन बसवलं आणि पैसे मोजून घेतले. तपासणी नाही, आलेख नाही, पावतीवर पत्ताही नाही. मशीन घरी येऊन जी शिट्टी मारायला लागलं, ती चार दिवसांनी पेटीत गेल्यावरच थांबली. त्यानंतर खरी शिबिरं म्हटली तरी माय यायला तयार होईना: "आता मसनात जायाच्या वयात कायले पायजे मशीन?"

एडिप योजनेत ४० टक्क्यांवरच्या माणसाला, महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर यंत्र पूर्ण मोफत, त्यापुढं ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत मिळतं. यंत्रं कानपूरच्या एलिम्को या सरकारी कारखान्याची असतात. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की शिबिरं दोन असतात. आधी तपासणीचं, त्यात नाव आणि मोजमाप होतं. वाटपाचं नंतर, कधीकधी महिन्यांनी. तपासणीची पावती हरवली की वाटपाच्या दिवशी रांगेत उभं राहून हात हलवत यावं लागतं. एकदा यंत्र मिळालं की तेच पुन्हा तीन वर्षांनी, बारा वर्षांखालच्या लेकराला वर्षानं.

म्हाताऱ्या माणसाला ४० टक्के भरत नसतील तर वयोश्री बघा. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना साठीच्या वरच्या गरीब लोकांसाठी आहे, तीही शिबिरातूनच. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. तिच्यात ६५ च्या वर आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर यंत्र घ्यायला ३,००० रुपये खात्यात येतात. तीन हजारांत कानामागचं चांगलं डिजिटल यंत्र येत नाही, खिशातलं वायरवालं येऊ शकतं. वायरवाल्याला हसू नका. ज्याची बोटं जाड झालीत, डोळ्याला कमी दिसतं, त्याला बटण हाताला लागतं आणि हरवलं तरी वायरीनं सापडतं.

विकत घ्यायचं असेल तर तीन गोष्टी मागा: आलेखाप्रमाणं सेटिंग, स्वतःच्या कानाच्या मापाचा साचा म्हणजे मोल्ड, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा सेटिंग करून देण्याचं कबूल. हे तिन्ही न देणारा दुकानदार कितीही गोड बोलला तरी चहा पिऊन परत या.

६. पहिला महिना घरच्यांचा

मशीन चष्म्यासारखं नसतं. चष्मा लावला की दिसतं. मशीन लावलं की आधी त्रास होतो. भांड्यांचा खणखणाट, पंखा, कोंबडी, स्वतःच्या चावण्याचा आवाज, सगळं एकदम अंगावर येतं. पहिले चार-पाच दिवस घरात, शांत वेळी, अर्धा तास. एका माणसानं समोर बसून बोलायचं. मग एक तास, मग दोन, मग ओट्यावर. आठवडी बाजार आणि लग्न शेवटी. मायला आम्ही पहिल्या आठवड्यात थेट मंडईत नेलं होतं, म्हणून सांगतो.

शिट्टी वाजते तेव्हा मोल्ड सैल बसलेला असतो किंवा कानात मळ असतो. मोल्ड कोमट पाण्यानं धुवायचा, मशीनला मात्र पाणी लागू द्यायचं नाही. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातल्या घामानं मशीनं मरतात. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते, ती घट्ट झाकणाच्या डबीत टाका आणि रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन त्यात ठेवा. सेलच्या पाकिटावर नंबर आणि रंग असतो: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. आपला रंग लक्षात ठेवायचा. हे सेल गावच्या मोबाइलवाल्याकडं मिळत नाहीत, जिल्ह्याला गेलात की दोन पाकिटं आणा. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. आणि संपलेला सेल लेकरांच्या हाती लागेल असा टाकू नका. गिळला तर आत अन्ननलिका जाळतो, थेट दवाखानाच गाठावा लागतो.

बोलणाऱ्यानंही थोडं शिकायचं. समोर येऊन, उजेडाकडं तोंड करून, तोंडातला खर्रा थुंकून बोला. आधी खांद्याला हात लावा किंवा नजरेला नजर द्या. समजलं नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात नको, दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर अजिबात म्हणू नका. माय सांगते, लोक हसतात त्याचं तिला काही वाटत नाही, हे 'जाऊ दे' मात्र लागतं.

७. पगार, पास, कर्ज

हे पटकन सांगतो, कारण सेतूवाल्याला बहुतेक ठाऊक असतं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये आहेत. अर्ज तहसीलमध्ये जातो, उत्पन्नाची अट आहे, हयातीचा दाखला दरवर्षी. एसटीत ४० टक्क्यांवर ७५ टक्के सवलत. रेल्वेची गोष्ट वेगळी: तिथली सवलत ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही, अशी दोन्ही एकत्र असणाऱ्यांना आहे. फक्त कमी ऐकू येणाऱ्या बाबाला तिकीट खिडकीवर नेऊन वाद घालू नका. धंद्यासाठी बीजभांडवल योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा. सरकारी नोकरीत चार टक्क्यांपैकी एक टक्का जागा बधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहेत. पोरं शिकलेली असतील तर जाहिरातीतला तो रकाना वाचायला शिकवा.

काम अडलं तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथं लेखी तक्रार चालते. तोंडी काही करू नका, पोच घ्या.

८. शाळा: गावची की वसतिगृहाची

यावर गावात नेहमी भांडण होतं. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. मशीन लावून बऱ्यापैकी ऐकणारं लेकरू गावच्या शाळेत, पहिल्या बाकावर, खिडकीकडं पाठ करून बसलं तर टिकतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलावून गुरुजींशी भेट घालून द्या. गुरुजी फळ्याकडं तोंड करून बोलले की लेकराचा तेवढा तास गेला, एवढं जरी त्यांच्या लक्षात आलं तरी पुष्कळ.

पण ज्याला मशीननंही काही येत नाही, त्याला गावच्या वर्गात एकटं बसवणं मला पटत नाही. शिक्षकाला खुणा येत नाहीत, पोरांना येत नाहीत. लेकरू सातवीपर्यंत बसून राहतं आणि वह्या फळ्यावरून उतरवत जातं. त्याच्यासाठी मूकबधिर विद्यालय बरं, वसतिगृहासकट. नागपुरात शंकरनगरला जुनी शाळा आहे, इतर जिल्ह्यांतही आहेत, यादी समाजकल्याण विभागात मिळते. प्रवेशाआधी एक दिवस जाऊन बसा आणि पोरं आपसात खुणांनी भरभरून बोलताहेत का, ते बघा. रडणारी आई मी पाहिली आहे. आणि दिवाळीच्या सुटीत आलेलं, बोटांनी घरच्यांना गोष्टी सांगणारं लेकरूही पाहिलं आहे. घरच्यांना कळत नव्हत्या, एवढंच.

म्हणून घरच्यांनीही खुणा शिकायच्या. भारतीय सांकेतिक भाषेचं केंद्र दिल्लीला २०१५ साली झालं, त्यांच्या शब्दकोशात दहा हजार शब्द आहेत आणि 'साइन लर्न' नावाचं अॅप फुकट आहे. टीव्हीवरची पीएम ई-विद्याची ३१ नंबरची वाहिनी याच भाषेसाठी आहे. रोज पाच खुणा: पाणी, भूक, दुखणं, शेत, बाजार. खुणांनी बोलणं गावंढळपणाचं आहे असं वाटत असेल तर अचलपूरकडच्या वझ्झरला जाऊन या. शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली मूकबधिर, अंध, गतिमंद लेकरं तिथं वाढवली, त्यांचे संसार उभे केले. २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

९. गावची वही

आता गावाचं काम. याला पैसे फार लागत नाहीत, एक वही लागते. आमची वही आशाताईकडं असते. रकाने असे: नाव, वय, कोणता कान, आलेखाची तारीख, टक्के, कार्ड आहे की अर्ज केलाय, मशीन कोणतं, सेलचा रंग, आणि घरातला 'सांगणारा' कोण. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. दवंडी झाली की त्या माणसानं जाऊन समोर सांगायचं, सून असो की शेजारचा पोरगा. जिथं घरात कोणी नाही, तिथं बचत गटातली एखादी बाई ठरवा.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांत दोन प्रश्न लेखी द्या: गेल्या वर्षी ही रक्कम किती होती, आणि कशावर गेली. आमच्याकडं पहिल्या वर्षी उत्तर आलं 'खुर्च्या'. दुसऱ्या वर्षी वहीतली नावं वाचून दाखवली, तेव्हा मोल्ड आणि सेल यांचा ठराव झाला. ग्रामसभेत कमी ऐकू येणाऱ्यांना पुढं बसवा आणि ठरलेलं फळ्यावर लिहा. जी खबर भोंग्यावर जाते ती ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप गटावर अक्षरांतही गेली पाहिजे. आवाजाची चिठ्ठी पाठवून काय उपयोग?

गावात तपासणी घ्यायची असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि आरोग्य केंद्राला पत्र द्या, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. वेळ वेचणीची नको, सोयाबीन काढणीचीही नको. हरभरा निघाला की मार्चमध्ये लोक मोकळे असतात आणि ऊनही अजून भाजत नाही. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असल्यानं दवाखान्यांनाही त्या आठवड्यात असं काही करायचं असतं. जागा रविवारची शाळा. समाजमंदिर पिठाच्या गिरणीला लागून असेल तर तिथं कानाची चाचणी होत नाही. पंखा बंद, दारात गर्दी नको, चाळीसच्या वर नावं नकोत. आणि ज्यांची नावं पुढच्या तपासणीसाठी निघतील त्यांच्यासाठी त्याच दिवशी जीप आणि तारीख ठरवा. तारीख न ठरवता घेतलेलं शिबिर म्हणजे फोटोपुरतं.

जिवाची काळजीही वहीत येते. ताडोबा, मेळघाट, टिपेश्वर, पेंचच्या काठच्या गावांत वाघ दिसला की वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरते. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी बाई तो भोंगा ऐकत नाही. मागून कोणी ओरडलेलंही तिला कळत नाही. अशा माणसानं एकट्यानं जायचं नाही, सोबतीण ठरलेली हवी आणि सोबतीणीनं तिच्या पुढं चालायचं, म्हणजे हाताची खूण दिसते. रात्री जागलीला ऐकू न येणाऱ्याला पाठवू नका. थ्रेशरवर, ट्रॅक्टरच्या मागं उभं राहायचं काम त्याला देऊ नका, पुढची बाजू द्या. सायकलीला आरसा लावा, तो स्वस्तात मिळतो. घराच्या दाराला घंटेऐवजी आत दिवा लागेल असं बटण गावचा वायरमन तासाभरात बसवून देतो. मोबाइलमध्ये ११२ इंडिया हे अॅप टाकून ठेवा. बोलता-ऐकता न येणाऱ्याला त्यातून बटण दाबून मदत मागता येते. ते कसं दाबायचं हे एकदा नुसतं सांगू नका, हातात मोबाइल देऊन दाखवा, पण सरावात खरं बटण दाबलं जाणार नाही एवढं बघा. आमच्याकडं दाबलं गेलं होतं, आणि पोलिसांना चहा पाजावा लागला.